वुजूच्या पाण्यावर दुधीचा वेल

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. कोंढव्यातल्या आमच्या इमारतीत तीन दिवसांनी टँकर आला होता. खाली हंडे-बादल्यांची रांग लागली होती आणि आम्ही गच्चीवर नळी लावून कुंड्यांना पाणी घालत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या खाला धापा टाकत वर आल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बेटा, इथे माणसांना प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही भेंडीला अंघोळ घालताय?"

आम्हाला उत्तर सुचले नाही, कारण खालांचे खरेच होते. पुण्याचे पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून येते. त्याच पाण्याची वाट कालव्यावर दौंड-इंदापूरचे शेतकरीही पाहत असतात. ज्यांचे पोट शेतीवर आहे त्यांना पाणी कमी पडत असताना आम्ही हौसेच्या भाजीवर टँकरचे पाणी ओतत होतो. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूत पिण्याचे पाणी बागेला घालण्यावर बंदी आली, ५,००० रुपये दंड ठरला. ती बातमी वाचताना खालांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

बाग मोडायची की दुसरे पाणी शोधायचे, एवढाच प्रश्न उरला. शोधायला लागल्यावर ते बेसिनखालीच सापडले. आम्ही घरात सहाजण. अब्बा आणि अम्मी पाचही वक्त घरूनच वुजू करतात, आम्ही दोघे आणि मुले सकाळ-संध्याकाळ. दिवसाला सोळा-सतरा वुजू होतात. थोरलीने, ती आठवीत आहे, बेसिनखाली बादली ठेवून मोजले. नळ सोडून केलेल्या एका वुजूला चार लिटरच्या वर पाणी जात होते. म्हणजे दिवसाला साठ-पासष्ट लिटर गटारात!

अब्बांना मात्र ते पटेना. वुजूचे पाणी भाजीला घालायचे आणि ती भाजी खायची? ते मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारून आले. वापरलेल्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते पाणी नापाक नसते, झाडाला खुशाल घाला, असे उत्तर मिळाले. आपल्याकडचे हनफी असोत की कोकणातले शाफई, दोघांचे मत हेच. मग अब्बा स्वतःच बादली उचलू लागले.

पण महिनाभरात वेगळाच घोटाळा झाला. धाकटा वुजूला बसला की नळ धो धो. ओरडलो तर म्हणतो, "झाडांनाच जातंय ना!" आमचेही हात नकळत सैल झाले होते. हदीसमध्ये, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत, येते की प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद्द पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे आजच्या मापाने पाऊण ते एक लिटर. आणि आम्ही चार लिटर वापरून वर बागेचे निमित्त सांगत होतो. अब्बांनी माळ्यावरचा तोटीचा लोटा काढला. त्यात लिटरभर पाणी मावते. आता सगळ्यांचा वुजू त्याच लोट्याने, प्लास्टिकच्या घमेल्यावर बसून. सकाळी दात घासलेले पाणी त्यात येऊ द्यायचे नाही, एवढे पथ्य.

आता घमेल्यात दिवसाला जेमतेम पंधरा लिटर जमते. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले दहा लिटर धरा. एवढ्यात तीस कुंड्या जगणे शक्य नव्हते. मे महिन्यात बारा इंची कुंडीला रोज लिटर-दीड लिटर लागते. म्हणून कुंड्या चौदा केल्या, बाकीच्या वाटून टाकल्या. टोमॅटो काढताना थोरली रुसली, पण पारा पस्तिशीच्या वर गेला की टोमॅटोची फुले तशीही गळतात. जी टिकत ती बुलबुल खात. पक्ष्याने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, हे ठाऊक असल्याने त्यांच्याशी आमचे भांडण नव्हते. मेथीही बंद केली. उन्हाळ्यात ती वाढण्याआधीच फुलावर येते. ठेवले काय, तर दुधी, भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, पुदिना आणि पिंपात एक कागदी लिंबू. लिंबाचे भाव उन्हाळ्यात काय होतात ते बाजारात जाणाऱ्यांना सांगायला नको.

ओल टिकवण्याची युक्ती रसवंतीवर मिळाली. उसाची चिपाडे चार दिवस उन्हात टाकायची, गोडवा गेला की मुंग्या येत नाहीत. मग त्यांचा चार बोटे थर मातीवर पसरायचा. ही युक्ती काही आमची नव्हे. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी माती अगदी कमी वापरून, चिपाडे भरलेल्या पिशव्यांत आणि पिंपांत गच्चीवर भाज्या-फळे घेतली. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर पेशाने गणिताचे शिक्षक (आमच्याच जातकुळीचे!), त्यांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्याची किंमत लोकांना शिकवली. चिपाडांमुळे गच्चीवर वजनही कमी पडते. कुंड्या विटांवर ठेवा, तापलेल्या स्लॅबवर मुळे भाजतात. वर हिरवी जाळी बांधा. पाणी फजरनंतर लगेच, आणि फार ऊन असेल तर असरनंतर थोडे. दुपारी नाही.

एक चूक आमच्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर टाकले जाणारे पाणी फुकट जाते म्हणून आम्ही ते रोज मिरच्यांना घातले. त्यात क्षार साठलेले असतात. महिनाभरात मातीवर पांढरी पापडी आली, पानांच्या कडा करपल्या, सहाच्या सहा मिरच्या गेल्या. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. टँकरचे बोअरचे पाणीही बहुधा क्षारांचे असते, म्हणून जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसात कुंड्या उघड्या ठेवून माती धुऊन निघू द्यावी.

आता दुधी. बी फेब्रुवारीत टाकावे, तळाला भोके पाडलेल्या जुन्या पिंपात. एप्रिलमध्ये वेल भरून फुलला, पण बोटाएवढे दुधी पिवळे पडून गळू लागले. पाणी कमी पडले असे वाटून आम्ही चरफडलो. खोट वेगळीच होती. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि आमच्या चौथ्या मजल्यावर त्या वेळी परागकण नेणारा किडा-पाखरू फिरकत नव्हते. मग मगरिबनंतर मोबाइलच्या उजेडात नर फूल तोडायचे, पाकळ्या काढायच्या आणि देठाशी चिमुकला दुधी असलेल्या मादी फुलावर हलकेच फिरवायचे. हे काम धाकट्याने अंगावर घेतले. मेअखेरपर्यंत नऊ दुधी निघाले.

पहिला अम्मीने चण्याच्या डाळीत केला. दुसरा धाकटा खालांच्या घरी घेऊन गेला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, आणि आधी विचारले, "पाणी कुठलं?" त्याने सांगितले. संध्याकाळी खाला वर आल्या, घमेले पाहिले, लोटा पाहिला आणि पुदिन्याच्या चार काड्या मागून घेतल्या. त्या आता त्यांच्या खिडकीत आहेत, तेलाच्या डब्यात. आमच्यापेक्षा जोमाने वाढल्यात, हे त्या जिन्यात भेटल्या की न विसरता सांगतात.