यंत्राआधी प्रश्न

हृदयधमन्यांचा विकार म्हटला की पन्नाशीचा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. मी बालरोगतज्ज्ञ, माझ्यासमोर येते ते पाच दिवस ताप न उतरलेले, डोळे लाल झालेले, ओठ फुटलेले तीन वर्षांचे मूल. जपानच्या डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ साली वर्णिलेल्या या आजारात उपचार न मिळाल्यास सुमारे चारांपैकी एका मुलाच्या हृदयधमन्यांना फुगवटा येतो.

अशाच एका मुलाचे वडील मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, इकोवर का थांबता? माझ्या सीटी अँजिओत लगेच सारे कळले. ह्याचीही करून टाका.” प्रश्नामागे माया होती, पण महाग तपासणी म्हणजे अचूक निदान, हा समजही होता.

लहान मुलाची छाती पातळ असते, त्यामुळे हृदयधमन्यांचा आरंभीचा भाग इकोत चांगला दिसतो. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. पहिला इको निर्दोष असला तरी फुगवटा पुढे येऊ शकतो. म्हणून एक-दोन आठवड्यांनी व पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी इको करावाच लागतो. वारंवार करता येणे हेच त्याचे बळ. मात्र मूल वाढले की धमन्यांचा दूरचा भाग व अरुंदपणा इकोत नीट दिसत नाही. तेथे सीटी उपयोगी. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसला, तरी लहानग्याला निश्चल ठेवण्यास बहुधा गुंगी द्यावी लागते. नळी घालून करावयाची अँजिओग्राफी प्रामुख्याने हस्तक्षेपाचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा. मोठ्यांतही तत्त्व हेच: सीटी धमनीची रचना दाखवते, ताण देऊन केलेली तपासणी रक्तपुरवठा पुरतो की नाही, ते सांगते. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

त्या मुलाच्या दुसऱ्या इकोत किंचित फुगवटा दिसला. सहाव्या आठवड्यात धमनी पूर्ववत झाली. सीटी लागली नाही. त्याला तारले ते वेळेवर आलेल्या शंकेने. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास फुगवट्याचा धोका सुमारे विसांत एकावर येतो. हे दिवस हुकले, तर कोणतेही यंत्र ते परत आणत नाही.

म्हणून सहव्यवसायी मित्रांना विनंती: पाच दिवसांच्या तापात मुलाचे डोळे, ओठ, जीभ, तळहात पाहा. आणि पालकहो, फुगवटा निघालेल्या मुलाचे कागद जपून ठेवा. पंचविशीत त्याच्या छातीत दुखले, तर समोरच्या डॉक्टरांना योग्य तपासणी निवडायला तेच कागद सांगतील.