सायकलीची वाट शाळेपर्यंत जावी

एके काळी पुणे ही सायकलींची नगरी म्हणून ओळखली जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ते सायकलस्वार कामगारांनी भरून जात. प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी, दूधवाले, सारेच सायकलीवर असत. आज ती नगरी स्वयंचलित दुचाकींची झाली आहे. शहराने याची खंत वेळोवेळी बोलून दाखवली, योजनाही आखल्या. परंतु ज्यांच्यासाठी सायकल ही आठवण नसून रोजची निकड आहे, अशी असंख्य माणसे शहराच्या वेशीबाहेर राहतात. त्यांच्या वाटेचा विचार कोण करणार?

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य देण्याचे तत्त्व मान्य केले. त्या सुमारास पुण्यात बीआरटी रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग झाले. २०१७ साली महापालिकेने आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षी भाड्याच्या सायकली आल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतांशी दिसेनाशाही झाल्या. आधीच्या मार्गांवर कुठे मोटारी उभ्या राहिल्या, कुठे विजेचा खांब आला, कुठे चौकाच्या तोंडाशी मार्गच संपला. सायकलमार्गाचे मोल त्याच्या एकूण लांबीत नसते, अखंडतेत असते. दहा किलोमीटरचा मार्ग एकाच धोकादायक चौकात तुटला, तर तो उरलेल्या अंतरासाठीही निरुपयोगी ठरतो.

२०११ च्या जनगणनेनुसार शेतीव्यतिरिक्त कामांवर जाणाऱ्या देशातील कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने, तर त्याहून अधिक पायी जात होते. शाळकरी मुली यात धरलेल्याच नाहीत. मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्रातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी अशीच योजना आणली. अभ्यासकांना तेथे मुलींच्या माध्यमिक प्रवेशांत ३२ टक्के वाढ आढळली, मुलामुलींतील अंतर ४० टक्क्यांनी घटले. शाळा जितकी दूर, तितका लाभ मोठा होता. सायकल हे शिक्षणाचेच साधन आहे, हे यातून सिद्ध झाले.

मात्र सायकल देऊन शासनाचे कर्तव्य संपते काय? महामार्ग रुंद होतो, मधे दुभाजक येतो, गाव एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला राहते. भरधाव मालमोटारींमधून मुलीला पाठवण्यास आईवडील धजत नाहीत. ती एक तर कोणाच्या सोबतीची वाट पाहते, नाही तर घरी बसते. अशा रस्त्यावर सायकलस्वाराचा अपघात होत नाही, कारण तेथे सायकलस्वारच उरलेला नसतो! भीतीची ही किंमत अपघातांच्या कोणत्याही तक्त्यात नोंदली जात नाही.

अडचण पैशापेक्षा विभागणीची अधिक आहे. गावरस्ता जिल्हा परिषदेचा, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा, महामार्ग राष्ट्रीय प्राधिकरणाचा, कालव्याची वाट पाटबंधारे खात्याची. मुलीची वाट मात्र एकच असते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली स्थापन झाले, ते असे तुकडे सांधण्यासाठीच. त्याने या कामी पुढाकार घेणे अगत्याचे आहे.

आरंभ शाळेपासून करावा. प्रत्येक माध्यमिक शाळेभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ आखून मुले कोणत्या वाटेने येतात, हे नकाशावर मांडावे. नव्या काँक्रीटआधी जुन्या वाटा पाहाव्यात. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पुणे, हडपसर ओलांडून दौंड-इंदापूरकडे जातो. त्याच्या काठाची वाट योग्य ठिकाणी कठडे व दिवे लावून वापरता येईल. गावनकाशांवरील पाणंद रस्ते अतिक्रमणमुक्त झाले, तर शेतकऱ्याच्या बैलगाडीबरोबर विद्यार्थ्यांच्या सायकलींचीही सोय होईल. महामार्गाखाली सायकलपुरता बोगदा, गावठाणात वेगमर्यादा, लोणावळा मार्गावरील लोकल स्थानकांबाहेर सुरक्षित सायकलतळ, ही कामे उड्डाणपुलांच्या तुलनेत अल्प खर्चाची आहेत.

आता घरोघरी मोटारसायकल आली, मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु तेरा वर्षांच्या मुलीला कायदा मोटारसायकल चालवू देत नाही, आणि देऊही नये. हॉलंडचा दाखला या संदर्भात बोलका आहे. १९७१ साली त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा पालक रस्त्यावर उतरले आणि शासनाला धोरण बदलावे लागले. तेथील आजचे सायकलमार्ग त्या जागृतीचे फळ आहे.

ही जागृती येथेही अशक्य नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी एखाद्या सकाळी मुलींबरोबर शाळेपर्यंत सायकलने जावे. वाट कोठे तुटते ते टिपावे आणि ती नोंद ग्रामसभेत ठरावासह मांडावी. मोर्चापेक्षा असा एक अचूक नकाशा अधिक काम करून जाईल. मुलगी निर्धास्तपणे सायकलवर शाळेत पोहोचते की नाही, हीच गावाच्या विकासाची खरी कसोटी होय.