काच का तडकली?

मे महिन्याच्या सुट्टीत मी बर्मिंगहॅमला भाईजानकडे राहून आले. परतल्यावर स्टाफरूममध्ये विचारणा झाली, "मॅडम, काय काय पाहिलंत?" मी म्हणाले, "गॅरेज." सगळ्या हसल्या. पण खरे तेच होते. महिन्यातले निम्मे दिवस मी भाईजानच्या घरामागच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून काढले. तिथे एक गाडी हाताने जोडली जात होती, आणि त्या गाडीच्या एका काचेवरून बापलेकात चार दिवस अबोला होता.

आधी गाडीबद्दल सांगते. तिकडे 'किट कार' नावाचा प्रकार आहे. सांगाडा, पत्रे, इंजिन, चाके, दिवे असे सुटे भाग खोक्यांत भरून घरी येतात आणि घेणारा आपल्या हाताने गाडी उभी करतो. हा शौक जुना आहे. १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन यांनी 'सेव्हन' नावाची छोटी, उघडी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. मात्र सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना द्यायला मनाई होती. म्हणून कंपनीने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या! आयुष्यभर एक भाषा डावीकडून आणि दुसरी उजवीकडून शिकवणाऱ्या मला ही युक्ती फार आवडली. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले. सवलत संपली तरी शौक राहिला. त्या घाटाच्या गाड्या आजही लोक घरी जोडतात.

भाईजान तिकडे बस चालवतो. नवे किट त्याच्या ऐपतीबाहेरचे. कुणीतरी अर्धी जोडून कंटाळून सोडलेली तशाच घाटाची गाडी त्याने दोन वर्षांपूर्वी घेतली. हेतू गाडीपेक्षा मुलाचा होता. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगला, दिवसभर आपल्या खोलीत. "हाताला काम दिलं की बोलेल तरी माझ्याशी," असे भाईजान मला फोनवर म्हणाला होता. आणि खरेच, रविवारच्या रविवारी दोघे गॅरेजमध्ये रमू लागले होते. मी पोचले तेव्हा गाडी जवळजवळ पूर्ण झाली होती आणि तपासणीची तारीख पंधरा दिवसांवर होती. घरी जोडलेल्या गाडीची तिकडे एकेक करून सरकारी तपासणी होते, त्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. २००९ पासून ही पद्धत सध्याच्या स्वरूपात आहे.

उरली होती समोरची काच. आपल्या गाड्यांची काच वळणदार असते आणि बॉडीला डिंकासारख्या चिकट मसाल्याने बसवलेली असते. या गाडीची तशी नसते. ती सपाट, जवळजवळ सरळ उभी. ॲल्युमिनियमच्या चौकटीत काच, चौकटीला दोन बाजूंना दोन खांब आणि ते खांब बॉडीला बोल्टने आवळलेले. उजवीकडचे बोल्ट सहज गेले. डावीकडची भोके जुळेनात. आधीच्या मालकाने ती चार मिलिमीटर सरकवून पाडली होती.

पोरगा म्हणाला, "अब्बा, थांबू या. भोक मोठं करावं लागेल."

भाईजान म्हणाला, "चार मिलिमीटरने काय होतं? दाबून धर." त्याने स्क्रूड्रायव्हरने खांब रेटला, पोराला पाना दिला आणि बोल्ट कसून आवळून घेतले. काच झकास बसली. भाभीने वरून समोसे पाठवले, फोटो निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या खालच्या कोपऱ्यातून वर चढलेली वीतभर लांब रेघ दिसली.

भाईजानचा पहिला शब्द होता, "पाना पाडलास ना?" पोरगा म्हणाला, "नाही." "मग काच काय आपोआप तडकते?" आणि मी, पंचवीसेक वर्षांत मुलांच्या हातून फुटलेले बरेच काही पाहिलेली बाई, न विचारता बोलून गेले, "या वयात लक्षच नसतं कामात." पोराने हात पुसले आणि तो वर गेला. चार दिवस तो खाली आला नाही.

पाचव्या दिवशी आला तो हातात बॉलपेन घेऊन. मला म्हणाला, "फुफी, तुम्ही बघा. अब्बांनी नको." त्याने पेनाचे टोक रेघेवरून हळूहळू फिरवायला लावले. काचेवर खडा बसला किंवा पाना पडला तर तिथे टिकलीएवढा का होईना, खड्डा पडतो. पेनाचे टोक किंवा नख त्यात अडकते. मी रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेन फिरवले. कुठेही अडकले नाही. मग त्याने चौकट उतरवून आतली कड दाखवली. रेघ बरोबर कडेपासून निघाली होती, कडेशी जवळजवळ काटकोन करून, आणि त्याच बाजूला जिथे खांब रेटून आवळला होता. मार लागून गेलेली काच आणि ताणाने गेलेली काच यांतला फरक असा ओळखतात.

त्याने मला समजावले ते माझ्या भाषेत सांगते. वर्गातल्या टेबलाचा एक पाय आखूड असेल तर टेबल डुगडुगते. तो पाय तसाच खेचून जमिनीला खिळ्याने ठोकला तर डुगडुग थांबेल, पण वरची फळी पिळली जाईल. लाकूड पीळ सोसते, काच सोसत नाही. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा ओढलेला, एवढे तिला पुरते.

पण काच लगेच का गेली नाही, रात्रभर का थांबली? ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९२१ साली याचे मूळ मांडले. काच हिशेबाने जितकी मजबूत असायला हवी तितकी प्रत्यक्षात नसते, कारण तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे असतात. ताण सगळीकडे सारखा पसरत नाही, तो चऱ्याच्या टोकाशी गोळा होतो. कापलेल्या कडेवर असे चरे जास्त. त्यात हवेतला ओलावा चऱ्याच्या टोकाशी पोचला की चरा कमी ताणातही हळूहळू पुढे सरकतो. दुपारचे ऊन आणि रात्रीचा गारठा यांनी काच आणि धातू कमीजास्त फुगतात, आकसतात. आपण निजलेले असतो आणि काम चालूच असते. सकाळी रेघ दिसते आणि शेवटी ज्याच्या हातात पाना होता तो गुन्हेगार ठरतो.

तडकूनही काच कोसळली नाही, ही कृपा एका जुन्या अपघाताची. १९०३ साली फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून प्रयोगशाळेत काचेचा चंबू पडला. तो फुटला पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर तुकड्यांना धरून होता. त्यातून १९०९ साली दोन काचांमध्ये पारदर्शक थर घालण्याचे पेटंट झाले. आज गाडीच्या समोरच्या काचेत साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये मिलिमीटरहून कमी जाडीचा प्लॅस्टिकचा थर असतो. हिला लॅमिनेटेड काच म्हणतात. आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत समोरची काच अशीच असावी असे आहे.

भाईजानला वाटत होते, रेघेत रेझिन भरून तपासणी निभावून न्यावी. रेझिनची दुरुस्ती खोटी नसते, पण तिला मर्यादा आहे. खड्याने पडलेली टिकली किंवा छोटा तारा असेल तर आतली हवा ओढून घेऊन पातळ रेझिन भरतात आणि अतिनील प्रकाशाने ते घट्ट करतात. खूण थोडी राहते, पण रेघ पुढे धावत नाही. कडेपर्यंत गेलेल्या लांब रेघेला हा इलाज नाही. तिथे काच बदलणे हाच मार्ग. तिकडच्या दरवर्षीच्या एमओटी तपासणीतही मोजमाप ठरलेले आहे. स्टिअरिंगच्या समोरच्या २९० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात, वायपर फिरतो त्या भागात, १० मिलिमीटरपेक्षा मोठे नुकसान चालत नाही. वायपरच्या बाकीच्या भागात ४० मिलिमीटरची मर्यादा आहे. वीतभर रेघ कुठल्या हिशेबात बसणार?

शिवाय नुसती काच बदलून भागणार नव्हते. चौकट तीच, भोके तीच, तर दुसरी काचही त्याच कोपऱ्यातून गेली असती. हाताने जोडलेल्या गाड्यांत हेच वारंवार होते. लोक काचेला दोष देतात, नवी आणतात, ती पुन्हा जाते. कारखान्यातल्या गाडीत प्रत्येक भोक साच्याने पडते. घरच्या गाडीत ते माणसाच्या हाताने पडते आणि माणसाचा हात चार मिलिमीटर चुकतोच. चूक झाली याचे काही नाही. ती दाबून झाकली, तिथे बिघडले.

मग काम नव्याने सुरू झाले, यावेळी पोराच्या सांगण्याने. आधी काचेशिवाय, रिकामी चौकट खांबांवर ठेवली आणि चारही कोपरे कुठेही न ओढता टेकतात का ते पाहिले. डावीकडची भोके कानशीने लांबट केली. खांब आणि बॉडी यांच्यामध्ये जिथे फट होती तिथे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि रबर घातले, म्हणजे खांब जागेवर ओढावा लागू नये. बोल्ट आधी नुसते बोटांनी फिरवले. एकही बोल्ट बोटांनी जात नसेल तर थांबायचे, हा त्याचा नियम. मोठे वायसर लावले. नवी काच घेताना कोपऱ्यातली मान्यतेची खूण पाहून घेतली. ती चौकटीत बसवताना सगळीकडे रबर आहे ना, धातू कुठे काचेला टेकत नाही ना, हे बोट फिरवून पाहिले. मग एक बोल्ट उजवीकडचा थोडा, एक डावीकडचा थोडा, पुन्हा उजवीकडचा, असे आळीपाळीने आवळले. या कामाला अख्खा शनिवार गेला. मी आणि भाभी चौकट धरून उभ्या होतो.

आपल्यापैकी फार थोडे जण गाडी घरी जोडतील. पण मुंबई-गोवा महामार्गावर डंपरमागे गाडी चालवली असेल तर काचेवर टिकली पडण्याचा अनुभव बहुतेकांना आहे. अशा वेळी टिकलीत पाणी आणि धूळ जाऊ नये म्हणून त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि लवकर दुरुस्त करून घ्या. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, एसीचा झोत एकदम तिच्यावर सोडू नका. आणि रेघ कडेतून निघाली असेल, खड्डा कुठेच सापडत नसेल, तर गॅरेजवाल्याला नवी काच बसवण्याआधी चौकट तपासायला सांगा.

भाईजानने मुलाची माफी मागितली का, असे तुम्ही विचाराल. शब्दांत नाही. आमच्या घरच्या पुरुषांना ते जमत नाही. पण त्या शनिवारी शेवटचा बोल्ट राहिला तेव्हा त्याने पाना पुढे केला आणि विचारले, "तू बघ, एवढं पुरे का?" पोराने एक पाव फेरा फिरवला आणि म्हणाला, "पुरे, अब्बा." भाईजानने आणखी आवळले नाही. इतक्या वर्षांत त्याला कुठले काम अर्ध्या जोरावर सोडताना मी पहिल्यांदा पाहिले.

मी मात्र त्या संध्याकाळी पोराला सरळ सांगितले, "बेटा, फुफीचं चुकलं. न बघता बोलले." तो लाजून हसला आणि म्हणाला, "फुफी, पेन तुमच्याकडेच ठेवा."

ते पेन जूनपासून माझ्या वर्गातल्या टेबलावर आहे. गेल्या आठवड्यात सातवीच्या खिडकीची काच तडकलेली दिसली आणि दोन मुलांची नावे माझ्यापर्यंत आली. मी आधी खिडकीपाशी गेले. लाकडी चौकट पावसाने फुगली होती, कडेला दाब आला होता. खड्डा कुठेच नव्हता.