भाईला स्वयंपाक येतो का?

मार्च २०२० मध्ये भिवंडीतले यंत्रमाग थांबले. अब्बांचं काम थांबलं, भाईचं आणि माझं कॉलेज थांबलं. अम्मीचं काहीच थांबलं नाही, उलट वाढलं. सगळे दिवसभर घरात आणि दर दोन तासांनी चहा. मदतीला हाक मला यायची, भाईला कधीच नाही. महिन्याभरात रमजान आला. मशिदी बंद, म्हणून तरावीह घरात. पुरुष बाहेरच्या खोलीत नमाजला उभे, अम्मी आत सहरीच्या तयारीत. भाईने एकदा डालगोना कॉफी केली. फोटो स्टेटसला गेला, भांडी मोरीत गेली.

याबद्दल बोललं की आपल्याकडे लगेच दीन पुढे केला जातो. पैगंबर (स.) घरी काय करत, या प्रश्नाला हजरत आयेशांनी दिलेलं उत्तर बुखारीत आहे: घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की निघत. दाढीची सुन्नत आठवते, मिसवाकची आठवते. हीच कशी विसरते?

हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असं समजून कुणी खूश होऊ नये. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. तीही जे पुरुष काही करतात त्यांची, आणि असे पुरुष शंभरात २६. हे टाळेबंदीच्या आधीचे आकडे!

अब्बांचा मात्र मला राग येत नाही. कमाई थांबली आणि ते स्वतःच्याच घरात पाहुणे झाले. रात्र रात्र गॅलरीत उभे असायचे. 'पुरुष म्हणजे कमावणारा' एवढंच ज्याला आयुष्यभर शिकवलं, त्याने माग बंद पडल्यावर करायचं काय? एकदा त्यांनी आपणहून कांदा चिरायला घेतला. दादीने सुरी काढून घेतली. घरात सून असताना पोराने कांदा चिरायचा? अब्बा निमूट उठले. पुन्हा कधी स्वयंपाकघरात आले नाहीत. त्या सुरीने अम्मीची कंबर मोडली आणि अब्बांची झोपही नेली, असं मी म्हणते. पटत नसेल तर वाद घाला, पण आधी तुमच्या अब्बांना विचारून या.

आता भाईसाठी मुली बघणं चाललंय. परवा एका घरी आमच्या फुपीने पहिलाच प्रश्न टाकला, मुलीला स्वयंपाक येतो का? मी विचारलं, भाईला येतो का? सगळे हसले. अम्मी हसली नाही. ती भाईकडे बघत होती.