प्लेगनंतर गटारे, करोनानंतर काय?

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि दोनच वर्षांत, १८९८ मध्ये, या शहराला सुधार विश्वस्त मंडळ मिळाले. त्याच वर्षी साथ म्हैसूर संस्थानात पोहोचली. म्हैसूर शहरानेही १९०३ मध्ये मुंबईचा कित्ता गिरवत आपले सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन केले. आज पर्यटक ज्या रुंद रस्त्यांचे आणि आखीव वस्त्यांचे कौतुक करतात, त्यांच्या मुळाशी त्या साथीची दहशत आहे. या सुधारणांत गरिबांच्या चाळी पाडल्या गेल्या, मनमानीही झाली. परंतु साथ ओसरल्यावर राज्यकर्त्यांनी काहीतरी कायमचे उभारले, हे नाकारता येत नाही. करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. त्यानंतर कायमचे असे काय उभे राहिले, असा प्रश्न म्हैसुरात विचारावा आणि उत्तर मुंबईने ऐकावे, अशी स्थिती आहे.

प्लेगने घाण दाखवून दिली, ती डोळ्यांना दिसत होती. करोनाने केलेली हानी दिसत नाही. मार्च २०२० मध्ये पाचवीत असलेली मुले २०२५ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसली. कर्नाटकात सहावी ते आठवीचे वर्ग सप्टेंबर २०२१ मध्ये उघडले आणि पहिली ते पाचवीचे त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला. मधल्या काळात राज्याने ‘विद्यागम’ ही योजना आणली होती. शिक्षकांनी वस्तीत जायचे आणि समाजमंदिरात किंवा झाडाखाली मुलांना शिकवायचे, अशी ती साधी, गावाच्या आधाराने चालणारी कल्पना. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबर २०२० मध्ये ती थांबवावी लागली. निर्णयाचा दोष कोणाला देता येणार नाही. पण ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, त्या घरांतील मुलांचा एकमेव धागा तेव्हा तुटला.

हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील आदिवासींच्या ‘हाडी’, म्हणजे पाडे, याच घरांच्या. काबिनी धरण आणि नागरहोळेचे जंगल यांच्या कचाट्यात विस्थापित झालेल्या जेनू कुरुब, काडू कुरुब या जमातींत म्हैसूरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंटने पुढे काम सुरू केले. डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने आधी दवाखाना आला, मग होसहळ्ळीची शाळा, मग तरुणांचे प्रशिक्षण. हा क्रम बोलका आहे. शरीर, शिक्षण आणि रोजगार यांची सरकारी खाती वेगळी असली, तरी पाड्यावरच्या सोळा वर्षांच्या मुलाला ती वेगळी नसतात. शाळा सुटली की मजुरी, मजुरी तुटली की दारू, आणि मग घरात कोणाशी बोलणेच नाही, अशी ती एकच साखळी असते.

कर्नाटक सरकारला हे कळले नव्हते असे नाही. निमहान्सच्या तज्ज्ञांनी आखलेला ‘युवा स्पंदन’ हा कार्यक्रम तेथील युवा सबलीकरण व क्रीडा खाते २०१०च्या दशकाच्या मध्यापासून राबवू लागले. त्यात स्थानिक तरुणांनाच ‘युवा परिवर्तक’ म्हणून प्रशिक्षण देतात. अभ्यास, नातेसंबंध, आरोग्य, सुरक्षितता यांविषयी ते समवयस्कांशी बोलतात आणि गरज भासल्यास डॉक्टरकडे पाठवतात. मनोविकारतज्ज्ञांची फौज कोठून आणणार, हा सरकारचा नेहमीचा सवाल. त्याला याच राज्याने बळ्ळारी जिल्ह्यातील १९८०च्या दशकातील प्रयोगातून उत्तर दिले होते आणि त्यावरून १९९६ मध्ये देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बेतला गेला. गोव्यात ‘संगत’ या संस्थेनेही प्रशिक्षित सामान्य माणसे नैराश्याच्या रुग्णांना उपयोगी पडतात हे दाखवून दिले. म्हणजे विद्या जुनी आहे, हातची आहे. अभाव आहे तो चिकाटीचा आणि पैशाचा.

राजकारण नेमके येथेच आड येते. म्हैसूर जिल्ह्यातील वरुणा मतदारसंघातून निवडून आलेले सिद्धरामय्या मे २०२३ मध्ये मुख्यमंत्री झाले ते पाच ‘गॅरंटी’ देऊन. त्यांतील ‘युवा निधी’ जानेवारी २०२४ मध्ये शिवमोग्गा येथे सुरू झाला. बेकार पदवीधराला दरमहा ३,००० आणि पदविकाधारकाला १,५०० रुपये, तेही जास्तीत जास्त दोन वर्षे. लाभार्थी म्हणून २०२२-२३ मध्ये उत्तीर्ण झालेल्यांना प्रथम घेतले गेले. टाळेबंदीच्या वर्षी महाविद्यालयात दाखल झालेली आणि वर्गात न बसताच पदवीपर्यंत आलेली हीच ती तुकडी. त्यांना आधार दिला हे योग्यच. परंतु महासाथीत ज्याचे शिक्षणच सुटले तो या दारात उभाही राहू शकत नाही, कारण त्याच्याकडे दाखवायला पदवीचे प्रमाणपत्र नाही. सर्वांत जास्त ज्याचे नुकसान झाले तोच यादीबाहेर!

महाराष्ट्राने नाक मुरडण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर आपल्याकडे ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ आली. शिक्षणाप्रमाणे ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन आणि सहा महिन्यांची मुदत. ही मुदत पुढे वाढवावी लागली. पण प्रशिक्षण संपल्यावर काय, या प्रश्नाला तेव्हाही उत्तर नव्हते. बारावीच्या आत गळालेल्यांना या योजनेतही स्थान नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०१९ मध्ये १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, २०२० मध्ये १२,५२६ जणांनी आणि २०२१ मध्ये १३,०८९ जणांनी. हे केवळ विद्यार्थी म्हणून नोंदले गेलेले. ज्यांची शाळा सुटली ते ‘रोजंदारी’ किंवा ‘बेकार’ या रकान्यात जातात. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. ती हवीच. पण स्वतःहून फोन उचलून अनोळखी माणसाला मनातले सांगण्याचे धैर्य पाड्यावरचा मुलगा कोठून आणणार? त्याला ओळखीचा, त्याच्या बोलीत बोलणारा, आठवड्यातून एकदा तरी दिसणारा माणूस लागतो.

असा माणूस म्हणजे युवा परिवर्तक. त्याचे पद कायमचे नाही, त्याच्या मागे संघटना नाही आणि त्याच्या नावाने मते मिळत नाहीत. अर्थसंकल्पात कात्री चालते तेव्हा ती अशाच ओळींवर चालते. युवा निधीच्या नोंदणीबरोबरच त्याच तालुक्यातील परिवर्तकाशी बेकार तरुणाची गाठ घालून द्यायला आणि शाळा सुटलेल्यांना पदवीची अट न घालता कौशल्य प्रशिक्षणात घ्यायला फार मोठी रक्कम लागणार नाही. म्हैसूरच्या जिल्हा प्रशासनाने हेग्गडदेवनकोट्यापासून आरंभ केला, तर निदान दोन खात्यांना एका टेबलाभोवती बसावे लागेल. १९०३ मध्ये रस्ते आणि गटारे यांच्यासाठी म्हैसूरने वेगळे मंडळ नेमले, ते नेमके याच अडचणीपायी.