गच्चीचं भाडं सगळ्यांना, घरघर आम्हाला

सोसायटीचे अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कमिटीतील सर्व सभासदांस,



तळमजल्यावरच्या हॉटेलचा ब्लोअर आणि एसीची आउटडोअर युनिटं गच्चीवर बसवायला तुम्ही परवानगी दिलीत, तेव्हा बरोबर त्यांच्याखाली आमची झोपायची खोली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. गणपतीत तुम्ही सगळे याच घरी प्रसादाला येता. म्हणूनच तुमचं वागणं जास्त लागलं.

सर्वसाधारण सभेत मी बोलायला उठले, तर "वहिनी, शहरात राहायचं तर जरा ॲडजस्ट करा," म्हणून विषय मिटवलात. मागून कुणीतरी हसलंही. सासूबाईंना खिडक्या बंद करून झोपायला सांगा, हा सल्ला वर. अहो, आवाज खिडकीतून येतच नाही! तो स्लॅबमधून उतरतो, भिंतीत शिरतो, पलंगापर्यंत पोचतो. उशीला कान टेकला की घरघर आणखी जाणवते. सासूबाई आता दुपारी झोप काढतात आणि रात्री हॉलमध्ये बसून राहतात.

यावर इलाज आहे, म्हणून तर राग येतो. ब्लोअर थेट स्लॅबवर बोल्टनं आवळलाय. त्याच्याखाली वजनाच्या हिशेबानं निवडलेल्या स्प्रिंगा हव्यात. तुम्ही दाखवलेल्या रबराच्या पातळ तुकड्यांनी अशी संथ कंपनं अडत नाहीत. पंखा आणि डक्ट यांच्यामध्ये लवचिक जोड हवा, नाहीतर डक्टच थरथरत राहतो. पात्यांवर तेलकट पुटं चढली की पंख्याचा तोल जातो. ती वेळेवर खरवडून काढायला हवीत. आणि वेग 20 टक्क्यांनी उतरवला तर पंख्याचा आवाज साधारण 5 डेसिबलनी कमी होतो. रात्री गिऱ्हाईक ओसरल्यावर तो पूर्ण वेगानं कशासाठी फिरतो?

तुम्ही मोबाइलवरच्या ॲपमध्ये आकडा दाखवलात, तोही भर दुपारी, जिन्याच्या दारात उभं राहून. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. शिवाय या मोजणीत खालच्या पट्टीतल्या घुमाऱ्याला वजनच कमी दिलं जातं, त्यामुळे आकडा नियमात बसला तरी झोप लागेलच असं नाही. आपल्या घरात शांतपणे राहू पाहणाऱ्याला बाहेरचा आवाज रोखण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच स्पष्ट केलंय. तरी मी कोर्टाची भाषा काढली नाही. शेजाऱ्यांशी बोलून सुटेल, असं वाटत होतं.

हॉटेलच्या भाड्यामुळे सगळ्यांचा मेंटेनन्स उतरला, हे तुम्ही सभेत अभिमानानं सांगितलंत. ते भाडं आमच्या डोक्यावरच्या जागेचं आहे. पुढच्या महिन्याची रक्कम वाटण्याआधी तिच्यातून स्प्रिंगा बसवा, आणि तोवर रात्री 10 नंतर ब्लोअर बंद ठेवायला लावा.

आपली,
सर्वांत वरच्या मजल्यावरची सभासद