पळणाऱ्यांच्या आधी गावी पोहोचणारी नोटीस

इंग्लंडची हद्द ओलांडून स्कॉटलंडमध्ये शिरले की ग्रेटना ग्रीन लागते. पळून जाऊन केलेल्या लग्नांसाठी हे गाव जगभर ओळखले जाते, आणि त्याला ही ओळख दिली ती लंडनच्या एका कायद्याने. १७५४मध्ये अमलात आलेल्या लॉर्ड हार्डविक यांच्या विवाह कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २१ वर्षांखालच्यांना आईवडिलांच्या विरोधात लग्न करणे जवळपास अशक्य करून टाकले. स्कॉटलंडला तो लागू नव्हता. तिथे मुलगा १४ वर्षांचा, मुलगी १२ वर्षांची असली आणि दोघांनी साक्षीदारांसमोर आपण नवरा-बायको असल्याचे सांगितले, की लग्न लागले! पाद्री नको, आगाऊ सूचना नको. लोहारसुद्धा लग्न लावू शके. ऐरणीवर हातोडा वाजला की विधी पुरा.

या सवलतीचा गैरफायदाही घेतला गेला. एडवर्ड गिबन वेकफिल्डने १८२६मध्ये १५ वर्षांच्या एलन टर्नर या श्रीमंत गिरणीमालकाच्या मुलीला आईच्या आजारपणाची थाप मारून शाळेतून बाहेर काढले. वडिलांचे दिवाळे निघत आहे, लग्न केलेस तरच ते वाचतील, असे सांगून त्याने तिला ग्रेटना ग्रीनला नेले. पुढे त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास झाला आणि ब्रिटिश संसदेने ते लग्न रद्द ठरवले. लग्नाआधी सरकारने काही विचारूच नये, असे म्हणणाऱ्यांनी एलनची हकिगत आठवावी. वय पुरे आहे का, होकार स्वतःचा आहे का, आधीचे लग्न अजून कायम आहे का, हे तपासलेच पाहिजे.

१८५६च्या कायद्याने दोघांपैकी एकाने तरी आधी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहण्याची अट घातली आणि एका रात्रीत उरकणारी लग्ने थांबली.

आज तिथे लग्न करायचे तर दोघांनीही विवाहाच्या सूचनेचा अर्ज निबंधकाकडे किमान २९ दिवस आधी पोहोचवावा लागतो. सोबत जन्मदाखला, पासपोर्ट, घटस्फोटित असल्यास न्यायालयाचा हुकूमनामा, आणि परदेशी व्यक्तीसाठी लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा मायदेशातील दाखला. भारतीय जोडप्याला केवळ लग्नासाठी जायचे असेल तर वेगळा व्हिसा लागतो. दोन साक्षीदार हवेतच. कार्यालयात यादीही लागते, पण कायद्याने त्या यादीत मागितली आहेत ती फक्त दोघांची नावे आणि लग्नाची तारीख.

आपल्याकडे हीच नोटीस घरचा पत्ता सांगते. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवे. मग नाव, वय, व्यवसाय, पत्ता यांसह नोटीस फलकावर लागते आणि आक्षेपांसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. मुलगा साताऱ्याचा कायमचा रहिवासी आणि नोटीस पुण्यात दिली असेल, तर तिची प्रत साताऱ्याला जाऊन तिथल्या फलकावरही लागते. ज्या घरातून जिवाच्या भीतीने बाहेर पडावे लागले, त्याच घरच्यांना सरकारी कागद जोडप्याच्या दारापर्यंत वाट दाखवतो. आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांवर आपल्या समाजात काय काय ओढवले आहे हे ठाऊक असताना ही तरतूद चालू ठेवणे अक्षम्य आहे.

परदेश गाठूनही सुटका होतेच असे नाही. विदेशी विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय वकिलातीत लग्न करायचे तर तिथेही ३० दिवसांचे वास्तव्य, नोटीस आणि तीन साक्षीदार आहेतच. शिवाय ती नोटीस भारतातही प्रसिद्ध करावी लागते! त्या देशाच्या कायद्याप्रमाणे लग्न करून नंतर वकिलातीत नोंदणी करण्याचा मार्ग आहे, पण तेव्हाही वर २१ आणि वधू १८ वर्षांची असणे बंधनकारक. स्कॉटलंडमध्ये १६व्या वर्षी लग्न करता येते, या भरवशावर कुणी विमानाचे तिकीट काढू नये.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१मध्ये विशेष विवाह कायद्याखालील नोटीस जाहीर करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. नागरिकाच्या हक्काचा प्रश्न एका उच्च न्यायालयाच्या निकालावर सोडून चालणार नाही; संसदेने दोन्ही कायद्यांतील प्रसिद्धीची तरतूदच काढून टाकावी. वय कागदपत्रांवरून कळते. होकार अधिकाऱ्याने दोघांना वेगवेगळे बसवून विचारावा. एलन टर्नरला असे कुणी विचारले असते तर वेकफिल्डचा डाव तिथेच फसला असता. आधीचे लग्न तपासण्यासाठी राज्याराज्यांच्या विवाह नोंदी एकमेकींशी जोडाव्यात. तोवर निदान फलकावरून पत्ता वगळण्याचा आणि मूळ गावी प्रत न धाडण्याचा बदल तरी येत्या अधिवेशनात व्हायला हवा.